विश्लेषण : दुधात पाणी घालूनही ती भेसळ का नव्हती? मुंबईला ‘टोन्ड’ दूध देणारे दारा खुरोडी कोण होते?

फलटण तालुक्यातल्या कोणत्याही गावात सकाळी दूध संकलन केंद्रावर गेलात, तर दोनच शब्द कानावर पडतात : फॅट आणि एसएनएफ. किटलीतले दूध मापात ओतले जाते, चमचाभर नमुना यंत्रात जातो आणि पावतीवर दोन आकडे उमटतात. गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ लागले तर ठरलेला दर, खाली आले तर कपात. हेच दूध बल्क कुलरमधून टँकरमध्ये, टँकरमधून पुण्या-मुंबईच्या डेअरीत जाते आणि ग्राहकाच्या हातात पिशवी येते तेव्हा त्यावर बहुधा तिसराच शब्द असतो : टोन्ड.

हा शब्द ना इंग्रज साहेबाने आणला, ना एखाद्या विदेशी कंपनीने. तो मुंबईत रूढ झाला आणि त्याचे श्रेय दारा नसरवानजी खुरोडी यांना दिले जाते. दुधात पाणी घालणे हा जिथे गुन्हा, तिथे सरकारी अधिकाऱ्यानेच उघडपणे दुधात पाणी घालून ते शहराला विकले, आणि पुढे त्याच कामगिरीच्या काळासाठी त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. भेसळ म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला खुरोडींच्या आयुष्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

कोण होते खुरोडी?

जन्म १९०६ चा, इंदूरजवळच्या महूचा. महू ही लष्करी छावणी. कुटुंब पारशी. संजाणच्या राजाने दुधाने काठोकाठ भरलेले भांडे पुढे केले आणि पारशांच्या धर्मगुरूने त्यात साखर विरघळवून दाखवली, ही आख्यायिका प्रत्येक पारशी मूल ऐकत मोठे होते. दुधात काय मिसळले तर चालते, या प्रश्नाशी या समाजाचे नाते जुने आहे म्हणायचे.

सुरुवातीची वर्षे खुरोडींनी खासगी आणि सरकारी नोकऱ्यांत काढली. पण त्यांचे नाव झाले ते मुंबईत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबई सरकारने शहराच्या दूधपुरवठ्याची योजना हाती घेतली. त्यात ते उपदूध आयुक्त होते आणि पुढे दूध आयुक्त झाले. त्यानंतरची दीड-दोन दशके मुंबईचे दूध आणि खुरोडी ही दोन नावे एकत्रच घेतली जात.

तेव्हा मुंबईत दुधाची काय स्थिती होती?

शहराच्या मध्यवस्तीत म्हशींचे तबेले होते. चारा बाहेरून, पाणी शहराचे, शेण गटारात. व्यालेली म्हैस शहरात आणायची, दूध आटले की कसायाला विकायची, कारण भाकड म्हैस शहरात पोसणे परवडत नसे. रेडकांची अवस्था तर विचारायलाच नको. गुजरातेतून, सौराष्ट्रातून आणि उत्तरेतून आलेल्या उत्तम जातीच्या म्हशी अशा एकेका वेतात संपत होत्या.

दूध मात्र महाग आणि पातळ. तबेल्यातून निघालेले दूध घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता आणि रतीब घालणारा भय्या अशा तीन हातांतून जाई आणि प्रत्येक हाताजवळ नळ होता. मुंबईतल्या दुधाचा नमुना लंडनला तपासायला पाठवला, तेव्हा तो तिथल्या गटाराच्या पाण्याहून वाईट निघाला, अशी एक गोष्ट दुग्ध व्यवसायात आजही सांगितली जाते. तिचा कागद कुणी पाहिला असो वा नसो, लोकांना ती खरी वाटली, यातच तेव्हाच्या दुधाची पत कळते.

कायदा नव्हता असे नाही. मुंबई प्रांतात भेसळ प्रतिबंधाचा कायदा १८९९ मध्येच झाला होता, १९२५ मध्ये नवा आला. पण कायदा नमुना पकडतो, नळ बंद करत नाही.

पाणी ओळखणारी कांडी फसते कशी?

हंस म्हणे दूध आणि पाणी वेगळे करतो. माणसाने त्यासाठी दुग्धमापी, म्हणजे लॅक्टोमीटर केला. गावाकडे याच कांडीच्या आकड्याला ‘डिग्री’ म्हणतात. तत्त्व सोपे आहे. दूध पाण्याहून थोडे जड असते. पाणी घातले की ते हलके होते आणि कांडी खोल बुडते.

गोम अशी की मलई दुधाहून हलकी असते. मलई काढून घेतली की उरलेले दूध जड होते आणि कांडी वर येते. म्हणजे आधी मलई काढायची, मग बेताने पाणी घालायचे. कांडी पुन्हा बरोबर जागेवर! दोनदा चोरी आणि पुरावा शून्य. म्हणूनच डिग्रीबरोबर फॅट मोजणे आले. युरोप-अमेरिकेत १८९० च्या आसपास बॅबकॉक आणि गर्बर यांच्या पद्धती आल्या. आम्लाने दुधातली प्रथिने विरघळवायची, नळी गरगर फिरवायची आणि वर जमलेल्या स्निग्धांशाचा थर मोजायचा. यंत्रे येण्याआधी आपल्याकडच्या सहकारी दूध संस्थांत गर्बरच्या काचेच्या नळ्या असत. जुन्या सचिवांच्या हातांवर आम्लाचे डाग असत ते त्यामुळेच.

मग खुरोडींनी काय केले?

त्यांनी हिशेब उलटा मांडला. मुंबईत येणारे दूध मुख्यतः म्हशीचे. त्यात स्निग्धांश ६ ते ७ टक्के, कधी त्याहून जास्त. जगातली बहुतेक शहरे जे गायीचे दूध पीत होती, त्यात ३.५ ते ४ टक्के. म्हणजे म्हशीच्या दुधात पाणी घालायला भरपूर जागा असते. भय्याला हे ठाऊक होते आणि तो त्या जागेचा पुरेपूर वापर करत होता. पण पाण्याने स्निग्धांशाबरोबर प्रथिने, दुग्धशर्करा आणि कॅल्शियमही विरळ होतात. पोराच्या पोटात जायला हवे तेच कमी होते.

खुरोडींची युक्ती अशी : पाणी घालायचे, पण त्या पाण्यात आधी स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी विरघळवायची. समजा, ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफचे १०० किलो म्हशीचे दूध आहे. त्यात साधारण ८ किलो भुकटी आणि ९२ किलो पाणी मिसळले की २०० किलो दूध तयार होते. फॅट निम्म्यावर, म्हणजे ३ टक्क्यांवर येते, पण एसएनएफ ८.५ टक्क्यांवर टिकून राहते. फॅट महाग आणि भुकटी स्वस्त. त्यामुळे दूध दुप्पट होते, किंमत उतरते आणि प्रथिने जवळपास तेवढीच राहतात.

१९४६ मध्ये हे दूध मुंबईत आले. त्याला ‘पातळ केलेले’ म्हटले असते तर कुणी हात लावला नसता. ‘टोन्ड’ या शब्दात सूर लावल्याचा, घडण नीट केल्याचा भाव आहे. नाव ठेवण्यात खुरोडींचा व्यापारी कावा होता असे कुणी म्हणेल. होताच. पण त्या नावाने एक मोठे काम केले : पाणी घातल्याची कबुली थेट बाटलीवर आली.

ही भेसळ का नव्हती?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल, मीठ, औषधे यांत हलका माल मिसळणाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे. तिथपासून आजच्या कायद्यापर्यंत भेसळीच्या व्याख्येत एक धागा समान आहे : घेणाऱ्याला जे वाटते ते त्याला मिळत नाही. घातलेला पदार्थ विषारी असायलाच हवा असे नाही. पाणी विषारी नाही, साखरही नाही. ‘दुधात साखर’ हा आपल्याकडे शुभ शब्दप्रयोग आहे, पण संकलन केंद्रावर दुधात साखर सापडली तर अख्खा कॅन परत जातो, कारण ती पाणी लपवायला घातलेली असते.

टोन्ड दुधात लपवण्यासारखे काही ठेवले नव्हते. नाव वेगळे, किंमत वेगळी, प्रमाण जाहीर. १९५४ चा केंद्रीय अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५५ पासून लागू झाला आणि टोन्ड दूध हा एक स्वतंत्र, मान्य प्रकार ठरला. आजही त्याचे प्रमाण किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असेच आहे. डबल टोन्डसाठी १.५ आणि ९, स्टँडर्डाइज्डसाठी ४.५ आणि ८.५, फुल क्रीमसाठी ६ आणि ९. गायीचे दूध म्हणून टोन्ड विकले तर ती फसवणूक, टोन्ड म्हणून विकले तर व्यापार.

आरे वसाहत कशासाठी उभारली?

भुकटीच्या हिशेबाने दूध वाढले, पण तबेले शहरातच होते. १९४९ मध्ये गोरेगावच्या टेकड्यांत आरे दूध वसाहत सुरू झाली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी तिथे रोप लावले. सुमारे १,३०० हेक्टर जागा, ३२ गोठे आणि पंधरा-सोळा हजार म्हशी. जनावरे खासगी मालकांचीच राहिली. सरकारने गोठा भाड्याने दिला, चारा-पाण्याची, डॉक्टरची सोय केली आणि दूध विकत घेतले.

इथे खुरोडींचा भेसळीवरचा खरा उपाय दिसतो. त्यांनी भय्याच्या मागे शिपाई लावला नाही, मधले हातच काढून टाकले. गोठ्यातून निघालेले दूध तिथल्याच डेअरीत पाश्चरायझ होऊन काचेच्या बाटलीत भरले जाई. त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे झाकण. ते एकदा उघडले की पुन्हा पूर्ववत बसवता येत नसे. मुंबईकरांच्या एका पिढीला पहाटे दुधाचे कार्ड घेऊन केंद्रावर लावलेली रांग आणि रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट आठवत असेल. त्या झाकणाने जे केले ते पन्नास वर्षांच्या कायद्याला जमले नव्हते.

सगळे तबेले मात्र हलले नाहीत. मुंबईच्या उपनगरांत ते पुढे कित्येक दशके राहिले.

कुरियन यांच्याशी त्यांचा वाद काय होता?

मुंबईच्या दुधाचा मोठा भाग गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातून येई. १९४५ मध्ये सरकारने त्याचा ठेका पोल्सन या खासगी डेअरीला दिला. मुंबईत दूध किती पैशांना विकायचे हे ठरले, खेड्यात शेतकऱ्याला किती द्यायचे हे ठरले नाही. १९४६ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध रोखले. मुंबईची योजना कोलमडली. इंग्रज दूध आयुक्त आणि त्यांचे दुय्यम खुरोडी खेड्याला गेले आणि शेतकऱ्यांची सहकारी संस्था मान्य करण्यावाचून पर्याय उरला नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदली गेलेली ती संस्था म्हणजे पुढची अमूल.

व्हर्गीस कुरियन आणि खुरोडी यांचे पुढे कधी जमले नाही. प्रश्न भुकटीचा होता. टोन्ड दूध चालवायला भुकटी हवी आणि ती न्यूझीलंड, अमेरिकेतून स्वस्तात येत होती. शहराच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती वरदान होती, कारण चाळीतल्या मुलाला परवडेल असे दूध मिळत होते. शेतकऱ्यांच्या संस्थेच्या दृष्टीने तीच भुकटी दर पाडणारी होती. आमचे दूध घेण्याऐवजी परदेशी भुकटीचे पाणी का विकता, असा कुरियन यांचा सवाल होता. आपल्या आठवणींत त्यांनी खुरोडींविषयी चांगले लिहिलेले नाही.

यात खुरोडींवर थोडा अन्याय झाला. ग्राहकाला फसवल्याशिवाय दूध स्वस्त करण्याचा मार्ग त्यांच्याकडे दुसरा नव्हता. म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे तंत्रच तोवर जगात नव्हते. ते आणंदच्या कारखान्यात १९५५ मध्ये, न्यूझीलंड आणि युनिसेफच्या मदतीने प्रत्यक्षात आले. पण शेतकऱ्याचा दर हा आपल्या योजनेचा भाग आहे, हे खुरोडींच्या हिशेबात कमीच होते, ही टीका मात्र टिकते. मॅगसेसे समितीने १९६३ मध्ये पुरस्कार देताना खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना एकत्र बसवले. एकमेकांशी भांडणारी माणसे एकाच पुरस्कारात क्वचितच दिसतात.

फलटणच्या गोठ्यापर्यंत हे कसे पोहोचले?

खुरोडी मुंबईत टोन्ड दुधाचे गणित मांडत होते तेव्हा फलटण हे नाईक निंबाळकरांचे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते भारतात विलीन झाले आणि सातारा जिल्ह्याचा भाग म्हणून मुंबई राज्यात आले. नीरा उजव्या कालव्याने ऊस आणला होता, उसाने वाढे आणि हिरवा चारा आणला. संकरित गायी पुढे आल्या, विशेषतः बायफसारख्या संस्थांनी कृत्रिम रेतन गावोगाव नेल्यावर. मुंबईच्या योजनेचा विस्तार महाराष्ट्रभर शासकीय दूध योजनांत झाला. सांगलीकडे मिरजेची शासकीय डेअरी त्यातलीच. नंतर सहकारी संघ आले, मग खासगी डेअऱ्या. आज फलटण परिसरातले बरेचसे दूध खासगी डेअऱ्या घेतात.

म्हशीची जागा संकरित गायीने घेतली तसा खुरोडींचा मूळ हिशेबही बदलला. ३.५ फॅटच्या दुधात पाणी घालायला जागा फारशी उरत नाही. पण भुकटीचे राज्य कायम राहिले. जास्तीचे दूध वाळवून भुकटी आणि लोणी होते. भुकटीचा बाजारभाव कोसळला की डेअरी खरेदीदर उतरवते आणि झळ वाठार, बरड किंवा गुणवरेच्या गोठ्याला बसते. २०२४ मध्ये राज्य सरकारला गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये, नंतर ७ रुपये अनुदान द्यावे लागले ते याच पेचातून.

शेतकरी संघटना दरासाठी रस्त्यावर दूध ओततात तेव्हा मागण्यांत भेसळ रोखण्याची मागणी हमखास असते. कारण साधे आहे. पिशवीत जाणारे प्रत्येक बनावट लिटर हे कुठल्या तरी गोठ्यातले न विकले गेलेले लिटर असते. आणि संकलन केंद्रावरचे यंत्र फॅट, डिग्री कमी दाखवते, हीदेखील तेवढीच जुनी तक्रार. भेसळीचा संशय नेहमी दूध आणणाऱ्यावर, यंत्र चालवणाऱ्यावर क्वचित, हा भेद गावात सगळ्यांना दिसतो.

आजची भेसळ कशी चालते?

माप जसे बदलते, तशी भेसळ बदलते. फक्त डिग्री मोजली जात होती तेव्हा मलई काढून पाणी घातले गेले. फॅट मोजायला लागल्यावर वनस्पती तेल आले आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून कपडे धुण्याची पावडर आली. एसएनएफ मोजायला लागल्यावर साखर, मीठ, स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन आणि युरिया आला. युरियात नायट्रोजन असतो आणि प्रथिने बहुतेक वेळा नायट्रोजनवरूनच मोजली जातात. चीनमध्ये २००८ साली मेलामाइन नावाचे रसायन नेमक्या याच कारणासाठी दुधात घातले गेले आणि तान्ह्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. दूध नासू नये म्हणून सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड, फॉर्मलिन वापरले जाते ते वेगळेच.

यातली बोचणारी बाब अशी की बनावट दुधाची कृती टोन्ड दुधाच्या कृतीसारखीच आहे : पाणी, भुकटी, फॅट. फरक इतकाच की लोण्याऐवजी तेल येते आणि नाव ‘गायीचे ताजे दूध’ असे लागते.

कायदा या दोन्हींत फरक करतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार नुसते पाणी घातलेले दूध ‘कमी दर्जाचे’ ठरते आणि त्यासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड होतो. आरोग्याला घातक ठरणारे दूध मात्र फौजदारी गुन्हा आहे. त्यातून मृत्यू झाला तर किमान सात वर्षे ते जन्मठेप. राज्याने २०२३ मध्ये दूध भेसळ रोखण्यासाठी जिल्हावार समित्याही नेमल्या.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या देशव्यापी तपासणीत १,७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के प्रमाणात बसले नाहीत आणि देशातले दोन तृतीयांश दूध विषारी अशा बातम्या झाल्या. प्रत्यक्षात त्यांतले बरेच नमुने पाण्यामुळे किंवा कमी फॅटमुळे नापास झाले होते. २०१८ च्या मोठ्या सर्वेक्षणात ६,४३२ नमुने घेतले. त्यात घातक भेसळ आढळली अवघ्या १२ नमुन्यांत, आणि त्यातला एकही महाराष्ट्रातला नव्हता. पण ३६८ नमुन्यांत ॲफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले.

हे विष दुधात कुणी घालत नाही. पेंड, मका किंवा मुरघासाला बुरशी लागते, ती जनावराच्या पोटात जाते आणि विष दुधात उतरते. उकळून ते जात नाही. पावसाळ्यात ओलसर जमिनीवर ठेवलेल्या पेंडीच्या पोत्यातून ते सुरू होते आणि संकलन केंद्रावरच्या यंत्रात दिसत नाही. तिथे फॅट ३.५, एसएनएफ ८.५ लागते आणि पावतीवर पूर्ण दर पडतो.

खुरोडींनी १९७४ मध्ये भारतातल्या दुग्ध व्यवसायाचा आढावा घेणारे पुस्तक लिहिले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर काचेच्या बाटलीची जागा प्लॅस्टिकची पिशवी घेऊ लागली होती. पिशवीवर टोन्ड दुधाचे ते दोन आकडे मात्र तसेच राहिले.